सोपा विषय नको, आपला विषय हवा



चाळिशी ओलांडलेली बाई बी. ए.ला नाव घालायचे म्हणते तेव्हा तिला सल्ला द्यायला सगळेच पुढे येतात. नवरा, दीर, शाळेतले गुरुजी, प्रवेशाच्या खिडकीवरचा कारकून आणि आपल्याच संस्थेतल्या शिकलेल्या ताईसुद्धा. सल्ला एकच असतो : काहीतरी सोपे घ्या. मराठी घ्या, घरी वाचून होईल. गृहशास्त्र घ्या, ते तुम्हाला येतेच. समाजशास्त्र घ्या, गाइड वाचून पास होता येते. पदवीचा कागद हातात आला म्हणजे झाले, या वयात तुम्हाला कुठे प्राध्यापक व्हायचे आहे?

या सल्ल्याला माझा विरोध आहे. उशिरा शिकायला निघालेल्या बायकांनी समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र हे विषय आपल्या कामाची हत्यारे म्हणून, विचार करून निवडावेत असे माझे म्हणणे आहे. आणि स्त्री-संघटनांनी कार्यकर्तीचे हे शिक्षण तिची खाजगी हौस न समजता संघटनेचे काम समजावे, ही माझी मागणी आहे.

मी ४७ वर्षांची आहे. दहावी झाली आणि लग्न झाले. गेली १६ वर्षे एका तालुक्याच्या गावी स्त्रियांच्या सल्ला केंद्रात काम करते. बारावी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली. आता बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रवेश घेण्यापूर्वी चार महिने मी चौकशा करत हिंडले. त्या चार महिन्यांत जे पाहिले-ऐकले त्यातून हा लेख आला आहे.

उशीर कोणाचा?

आधी या 'उशिरा' शब्दाचा हिशोब करू. आम्ही उशिरा आलो असे म्हणतात तेव्हा जणू आम्ही वाटेत कुठे गप्पा मारत बसलो होतो! आम्हाला शाळेतून काढून बोहल्यावर उभे केले. ही गोष्ट आमच्या पिढीबरोबर संपलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न १८ वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले होते. म्हणजे पाचातली एक. या मुली दहा-वीस वर्षांनी शिक्षणाच्या दारात उभ्या राहतील तेव्हा त्यांनाही कोणीतरी 'सोपे काहीतरी घ्या' असेच सांगेल.

मोठ्या वयाची विद्यार्थिनी ही काही नवलाची गोष्टही नाही. १८४८ च्या मुलींच्या शाळेचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, पण फुले दांपत्याने १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, ते विसरतो. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन (१८८९) आणि कर्व्यांचा आश्रम (१८९६) विधवांसाठी सुरू झाले. रमाबाई रानडे स्वतः लग्नानंतर शिकल्या आणि १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाने प्रौढ, संसारी बायकांसाठी वर्ग घेतले. महाराष्ट्रातल्या स्त्रीशिक्षणाची सुरुवातीची विद्यार्थिनी बऱ्याच वेळा शाळेचे वय उलटून गेलेली बाईच होती. मग आजच्या विद्यापीठात तिने चोरासारखे का शिरावे?

विषय कशासाठी निवडायचा?

प्रवेश घेणाऱ्या मैत्रिणीला मी एकच सांगते. आधी वही घे आणि कामात रोज अडणारे पाच प्रश्न लिहून काढ. मग विषयांची यादी पाहा. मी माझे प्रश्न लिहिले तेव्हा काय झाले ते सांगते.

पहिला प्रश्न पोटगीचा. नवरा सांगतो, "ती घरीच असते, काही करत नाही." पंचही मान डोलावतात. या 'काही करत नाही'ला उत्तर द्यायचे तर अर्थशास्त्र लागते. २०२४ च्या वेळेच्या वापराच्या राष्ट्रीय पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात जातात असे दिसले. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची ८८ मिनिटे. मुलांचे, म्हाताऱ्यांचे, आजाऱ्यांचे करण्याची मिनिटे आणखी वेगळी. हे सगळे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाहीत. का धरले जात नाहीत, तो नियम काय आहे आणि त्यावर वाद काय झाले, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या पुस्तकापासून वाचता येते. आकड्यांची भीती दाखवून आम्हाला या विषयापासून दूर ठेवतात. पण बचत गटाचा ताळेबंद कोण लिहिते? रेशनचा, भिशीचा, दुधाचा हिशोब कोण ठेवते?

दुसरा प्रश्न आमच्या भागातला. मामाच्या मुलीशी लग्न आमच्याकडे चांगले मानतात. मुलीची सासू म्हणजे तिची सख्खी आत्या. 'घरातच दिली, सुखात राहील' असे सगळे म्हणतात. पण तिला मारहाण झाली की ती बोलत नाही, कारण ती बोलली तर बापाची आणि त्याच्या बहिणीची ताटातूट होणार. अशा मुलीला आम्ही वर्षानुवर्षे 'धीट हो' सांगत आलो. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेसंबंधांवरचा ग्रंथ १९५३ मध्ये लिहिला. उत्तरेत मुलगी नात्याबाहेर, लांबच्या गावात देतात आणि दक्षिणेकडे नात्यात देतात, यामुळे सासरच्या घरात तिची जागा कशी बदलते हे त्यात मांडले आहे. ते समजून घेतले की ही गप्प बसणारी मुलगी भित्री नाही, ती दोन घरांचे नाते डोक्यावर घेऊन उभी आहे, हे कळते. मग तिच्याशी बोलण्याची रीत बदलते. आधी बापाला बोलवायचे की आत्याला, हेसुद्धा बदलते.

तिसरा प्रश्न जातीचा. आंतरजातीय लग्न केलेली मुलगी केंद्रात येते तेव्हा तिच्या घरचे म्हणतात, "आमचा जातीला विरोध नाही, पण इज्जतीचा प्रश्न आहे." १९१६ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि ते बंधन टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या चाली वापरल्या गेल्या, अशी त्यांची मांडणी आहे. म्हणजे इज्जत आणि जात ही दोन नावे एकाच कुंपणाची आहेत. आम्ही जयंतीला हार घालतो. हा निबंध मात्र किती केंद्रांत वाचला गेला आहे?

चौथा प्रश्न सत्तेचा. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली आणि स्त्रियांना पंचायतींत एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. तरी सरपंचबाईच्या खुर्चीवर नवरा बसलेला आम्ही पाहतो. ग्रामसभेचे अधिकार कोणते, निधी कोणाच्या सहीने निघतो, अविश्वासाचा ठराव बाईवरच पटकन का येतो, हे समजायला राज्यशास्त्र लागते. एका दिवसाच्या शिबिरात ते होत नाही.

पाचवा प्रश्न मनाचा. सल्ला केंद्रात काम करणाऱ्या बहुतेकींना मानसशास्त्र घ्यायचे असते, आणि ते साहजिक आहे. पण ज्यांना रोज कॉलेजात जाता येत नाही त्यांच्यासाठी हे दार आता बंद झाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली. उपचाराच्या क्षेत्रात अपुऱ्या तयारीची माणसे येऊ नयेत हा हेतू मला मान्य आहे. पण नोकरी, शेत आणि घर सोडून रोज कॉलेजात जाऊ न शकणाऱ्या बाईने काय करायचे, याचे उत्तर कोणी दिलेले नाही. तेव्हा कोणी एजंट 'घरबसल्या मानसशास्त्राची पदवी' विकत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

माझ्या पाच प्रश्नांतून समाजशास्त्र मुख्य विषय ठरला आणि त्याच्या जोडीला अर्थशास्त्र व राज्यशास्त्र आले. ऊसतोड कामगार बायकांत काम करणारी मैत्रीण कदाचित अर्थशास्त्र पुढे ठेवील. पंचायतीत निवडून आलेली राज्यशास्त्र घेईल. विषय कोणता यापेक्षा तो कोणाच्या प्रश्नावरून ठरला, याला माझ्या लेखी महत्त्व आहे.

दार कोणते?

विषय ठरला की दार शोधायचे. रोजच्या कॉलेजात शिक्षक भेटतात, ग्रंथालय मिळते, बरोबरीच्या मुली भेटतात. पण तास भर दुपारी, हजेरीची अट कडक. मुक्त विद्यापीठाचे तसे नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. त्याची पुस्तके मराठीत आहेत, ही आपल्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात बहुतेक अभ्यास इंग्रजी-हिंदीतून करावा लागतो. कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेल्या आणि आज एस.एन.डी.टी. म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महिला विद्यापीठाचाही दूरशिक्षण विभाग आहे. बारावी नसेल तर प्रवेशाच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या वर्षीचे माहितीपुस्तक स्वतः वाचा, कोणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. या अभ्यासक्रमाला दूरशिक्षणासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची या वर्षीची मान्यता आहे का? अभ्यास केंद्रात तास खरोखर होतात की कागदावर? होत असतील तर कोणत्या वारी, आणि शेवटच्या एस.टी.पूर्वी सुटतात का? परीक्षा कोणत्या महिन्यात, म्हणजे पेरणी, सुगी, लग्नसराई यांत सापडते का? पुस्तके प्रवेशाबरोबर मिळतात की परीक्षेच्या तोंडावर? मी एका केंद्रात हे विचारले तेव्हा तिथले गृहस्थ म्हणाले, "बाई, तुम्ही फॉर्म भरा, पास आम्ही करतो." मी फॉर्म तिथे भरला नाही. पास करून घेणाऱ्याची मला गरज नव्हती, शिकवणाऱ्याची होती.

नव्या शैक्षणिक धोरणाचे एक गाजर मैत्रिणींनी नीट पाहून घ्यावे. डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने जाहीर केलेल्या आराखड्याप्रमाणे एका वर्षानंतर थांबले तर प्रमाणपत्र मिळते, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी. मध्येच बाहेर पडता येते, याचे मोठे कौतुक झाले. पण बाईला शिक्षणातून बाहेर पडण्याची सोय या देशात कधी नव्हती? बाहेरचे दार आमच्यासाठी सताड उघडेच होते. आता वर्षभराने घरचे म्हणतील, "मिळाला ना कागद, आता बस." आम्हाला परत आत येण्याचे दार हवे आहे. त्याच आराखड्यात तीन वर्षांच्या आत परतण्याची आणि सात वर्षांत पदवी पुरी करण्याची मर्यादा आहे. अंथरुणाला खिळलेली सासू, मुलीची दोन बाळंतपणे, नवऱ्याचा अपघात, यांना तीन वर्षांची मर्यादा माहीत नसते.

पैशाचेही तेच. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, ठराविक प्रवर्गांतल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी दिली. स्वागतच आहे. पण ही माफी व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. चाळिशीतली बाई समाजशास्त्र वाचते, त्यात सरकारला काही उपयोग दिसत नाही. उपयोग कसा दिसेल? ती वाचून प्रश्न विचारणार!

आता आपल्या घरातले

विद्यापीठावर आणि सरकारवर टीका करणे आपल्याला सोपे जाते. पण हा लेख मी मुख्यतः आपल्या संघटनांसाठी लिहिते आहे.

आपल्या चळवळीने या देशात स्त्री-अभ्यासाचा विषय उभा केला. १९७४ मध्ये स्त्रियांच्या दर्जासंबंधीच्या समितीचा अहवाल आला. त्याच वर्षी एस.एन.डी.टी.मध्ये नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-संशोधन केंद्र सुरू झाले. १९८१ मध्ये मुंबईत स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. पुढे विद्यापीठांत केंद्रे निघाली, आणि २०१७ मध्ये त्यांच्या अनुदानावर टांगती तलवार आली तेव्हा आपण निषेधही केला. बायकांचा अनुभव हेच ज्ञान आहे, असे आपण या सगळ्या काळात सांगत आलो.

पण संस्थेत प्रत्यक्षात काय चालते? केस आम्ही नोंदवायची. पोलीस ठाण्यात रात्री अकरा वाजता आम्ही बसायचे. पंचांच्या शिव्या आम्ही खायच्या. अहवाल मात्र शहरातून आलेल्या एम. ए. झालेल्या बाईंनी लिहायचा. एका अभ्यासासाठी आमच्या केंद्रातल्या कार्यकर्त्यांनी तीन महिने जुन्या फायली उपसल्या, बायकांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या, त्या उतरवून काढल्या. पुस्तिका छापून आली तेव्हा आमचा उल्लेख आभाराच्या पानावर 'तळागाळातील कार्यकर्त्या' असा होता. आम्हाला नावे होती. ती छापायला फार शाई लागली नसती.

हा प्रश्न मांडला की दोन उत्तरे मिळतात. पहिले : "अगं, तुझ्याकडे अनुभव आहे, तुला पदवी कशाला? पदवीने काय होते?" हे उत्तर देणाऱ्या प्रत्येकीकडे पदवी असते. पदवीने काय होते ते पगारपत्रक पाहिले की कळते. प्रकल्पाच्या अर्जात समन्वयकाच्या जागेपुढे 'पदवीधर' असे लिहिलेले असते. अंगणवाडी सेविकेला पर्यवेक्षिका व्हायचे तर पदवी लागते. अनुभवाचे कौतुक आणि पदवीचा पगार, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

दुसरे उत्तर जास्त विचारी आहे. विद्यापीठातले ज्ञान पुरुषांनी, तेही वरच्या जातींतल्या पुरुषांनी रचलेले आहे, ते शिकून कार्यकर्ती आपली भाषा विसरते, असे म्हणतात. यात तथ्य आहे. माझ्या पाठ्यपुस्तकात 'भूमिका-संघर्ष' या नावाखाली नोकरी करणाऱ्या बाईची ओढाताण अशा थाटात दिली आहे की जणू तो तिच्या स्वभावाचा दोष आहे. पण म्हणून आत जायचेच नाही का? शर्मिला रेगे पुण्यात विद्यापीठात राहूनच शिकवत होत्या. दलित स्त्रियांची आत्मकथने समाजशास्त्राच्या वर्गात आणली पाहिजेत हे त्यांनी २००६ च्या आपल्या पुस्तकात ठामपणे मांडले. आणि त्याच्याही आधी, १९८९ मध्ये, उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गावोगाव भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. कोणत्याही विद्यापीठाने नेमून दिलेले ते काम नव्हते. आज ते विद्यापीठांत वाचले जाते. आतून आणि बाहेरून अशी दोन्हीकडची माणसे लागतात. आतली जागा फक्त शहरातल्या, इंग्रजी येणाऱ्या मैत्रिणींसाठी राखून ठेवू नका, एवढेच आमचे म्हणणे आहे.

शिकली की कार्यकर्ती संस्था सोडून जाते, अशीही एक भीती असते. जाईल कदाचित. आपण बाईला घरातून बाहेर पडायला सांगतो तेव्हा ती परत येईल की नाही असे तिच्या नवऱ्याने विचारलेले आपल्याला चालत नाही. मग संस्थेने तोच प्रश्न का विचारावा?

मागण्या

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक : पदवीचा अभ्यास करणाऱ्या कार्यकर्तीला आठवड्यातून अर्धा दिवस आणि परीक्षेच्या काळात पूर्ण सुट्टी, मानधन न कापता.

दोन : तिची फी आणि पुस्तके संस्थेच्या प्रशिक्षणाच्या खर्चातून. पंचतारांकित हॉटेलातल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेच्या खर्चात किती जणींची तीन वर्षांची फी निघेल, याचा हिशोब प्रत्येक संस्थेने मांडून पाहावा.

तीन : तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एकदा अभ्यास-मंडळ. शहरातल्या प्राध्यापक मैत्रिणींनी भाषण द्यायला न येता एक धडा बरोबर बसून वाचायला यावे, आणि इंग्रजीतले लेख सोप्या मराठीत आणावेत.

चार : ज्या अभ्यासाची माहिती कार्यकर्तीने गोळा केली, त्यावर तिचे नाव लेखिका म्हणून.

पाच : विद्यापीठांकडे एकत्र मागणी. परत येण्याची मुदत वाढवा, परीक्षा केंद्र तालुक्यात द्या, वर्षानुवर्षांच्या क्षेत्रकामाला श्रेयांक द्या, मोठ्या वयाच्या विद्यार्थिनीला शुल्कमाफी द्या.

येत्या प्रवेशाच्या हंगामापूर्वी प्रत्येक गटाने आपल्या पुढच्या बैठकीत एक साधी यादी करावी : आपल्यापैकी कोणाचे शिक्षण कितवीला थांबले, कशामुळे थांबले, आणि तिला आज कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे. त्या यादीवरून विषय ठरतील आणि मागण्याही ठरतील. या लेखातले ज्यांना पटले नाही त्यांनीही जरूर लिहावे, विशेषतः ज्या मैत्रिणी आज विद्यापीठांत शिकवतात त्यांनी. आणि ज्यांनी आजवर फक्त नोंदवह्या लिहिल्या, त्यांनी आधी लिहावे.